दाभोळचा करार आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांची ताकद

परदेशी कंपनी राज्यात येणार अशी बातमी आली की तिच्यात दोन आकडे हमखास असतात: गुंतवणूक किती कोटींची आणि नोकऱ्या किती हजार. धंदा ठरल्याप्रमाणे चालला नाही तर तोटा कुणी भरायचा, हे बातमीत सहसा नसतं. ते करारात लिहिलेलं असतं आणि करार फार थोड्यांच्या हाती पडतो. नोकऱ्यांवर, विकासावर आणि देशादेशांतल्या संबंधांवर या कंपन्यांचा एवढा प्रभाव कसा पडतो, हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी: जोखीम कुणाच्या माथी मारली आहे?

त्यासाठी दूर जायला नको. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या परिसरात एक मोठा वीजप्रकल्प उभा आहे. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे दाभोळ हे जुनं बंदर आहे, त्याचंच नाव प्रकल्पाला मिळालं. आजच्या विशीतल्या वाचकांनी हे नाव कदाचित ऐकलंही नसेल. त्यांच्या आईवडिलांना मात्र ‘एन्रॉन’ एवढा एक शब्द, म्हणजे तो उभारणाऱ्या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं नाव, पुरतो.

आधी कंपनीची रचना बघू. आपण ‘बहुराष्ट्रीय कंपनी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एकच कंपनी येते, पण कायद्याच्या नजरेत ती कंपन्यांची साखळी असते. इथे वीज बनवणारी दाभोळ पॉवर कंपनी भारतात नोंदलेली होती. तिचे समभाग मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपन्यांकडे होते आणि त्या कंपन्यांचे मालक अमेरिकेत होते. ह्यूस्टनच्या एन्रॉनकडे सुरुवातीला ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्याकडे प्रत्येकी १० टक्के हिस्सा होता. जनरल इलेक्ट्रिक यंत्रं पुरवणार होती आणि बेक्टेल बांधकाम करणार होती. म्हणजे या भागीदारांची कमाई वीज विकण्याआधीच, यंत्रांच्या आणि बांधकामाच्या बिलांतून सुरू होत होती. मधे मॉरिशस कशाला? कर वाचतो हे त्याचं कारण. पुढे त्याचा दुसराही एक उपयोग झाला, तो या गोष्टीच्या शेवटाकडे कळेल.

१९९१ साली देशाच्या तिजोरीत परकीय चलन इतकं कमी उरलं होतं की जेमतेम काही आठवड्यांची आयात भागली असती. सोनं गहाण पडलं होतं. अशा वेळी केंद्र सरकारने वीजक्षेत्र खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुलं केलं, भांडवलावर १६ टक्के परतावा देऊ केला आणि आठ प्रकल्प झटपट मंजुरीसाठी निवडले. एन्रॉनची माणसं जून १९९२ मध्ये मुंबईत आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. निविदा निघाली नाही. दुसऱ्या कुणाला दर विचारला गेला नाही.

गरजवंत माणूस बाजारात जातो तेव्हा समोरच्याला त्याची निकड चेहऱ्यावर दिसते. १९९२ सालच्या वाटाघाटीत आपल्या बाजूची स्थिती तशीच होती. भारत परदेशी भांडवलाला खुला झाला आहे हे जगाला दाखवण्यासाठी सरकारला एक मोठं नाव हवं होतं, आणि हे एन्रॉनला पक्कं ठाऊक होतं.

धोक्याचा इशारा मात्र वेळेत मिळाला होता. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं: राज्याच्या गरजेपेक्षा ही वीज जास्त आहे, आयात केलेल्या द्रवरूप वायूवर बनणारी असल्याने ती महाग पडेल, आणि ती घेण्यासाठी कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल. परदेशी गुंतवणुकीच्या बाजूने बोलणारी ही संस्था. तिने लेखी नकार दिला तरी ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करारावर सह्या झाल्या.

करारात नेमकं काय होतं

आपल्या घरच्या वीजबिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ अशा दोन ओळी असतात. दिवा लावा किंवा लावू नका, स्थिर आकार भरावाच लागतो. वीज मंडळानेही दाभोळ कंपनीकडून अशाच पद्धतीने वीज घेण्याचं कबूल केलं, २० वर्षांसाठी. प्रकल्प ९० टक्के क्षमतेने चालू शकतो एवढं कंपनीने दाखवून द्यायचं. मग मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचे पैसे कंपनीला मिळणार. शिकायला पुण्यात राहिलेल्यांना मेस आठवेल: महिन्याचे पैसे आधीच ठरलेले, तुम्ही चार दिवस गावाला गेलात तरी सूट नाही. मेसवाल्याच्या बाबतीत निदान पुढच्या महिन्यात दुसरी मेस बघता येते. इथे बांधिलकी २० वर्षांची होती.

याचा परिणाम किती होतो, ते एका सोप्या हिशेबाने पाहू. यातले रुपये मी समजण्यासाठी धरलेले आहेत, करारातले नाहीत. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा होता. तो महिनाभर ९० टक्के क्षमतेने चालला तर सुमारे ४८ कोटी युनिट वीज तयार होते. स्थिर आकार महिन्याला १०० कोटी रुपये धरला तर युनिटमागे जेमतेम २ रुपये ८ पैसे पडतात. आता मंडळाने त्यातली एक तृतीयांशच वीज घेतली असं समजा, म्हणजे १६ कोटी युनिट. १०० कोटी रुपये तर द्यायचेच आहेत. युनिटमागे आकार ६ रुपये २५ पैशांवर जातो आणि इंधनाचा खर्च अजून धरलेलाच नाही. वीज जितकी कमी घ्याल तितकी ती महाग होते, आणि महाग झाली की आणखी कमी घ्यावीशी वाटते. या चक्रातून बाहेर पडायची वाट करारात नव्हती.

त्यात रकमेचा मोठा भाग डॉलरमध्ये बांधलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ साली तो ४७ च्या आसपास गेला. इंधन महागलं तर तो भारही मंडळावर. पहिला टप्पा द्रवरूप वायूऐवजी नाफ्था या खनिज तेलातून निघणाऱ्या इंधनावर चालत होता आणि १९९९ नंतर खनिज तेलाचे भाव चढत गेले, तसा नाफ्थाही महागला. विनिमयाचा धोका, इंधनाचा धोका, मागणी कमी पडण्याचा धोका: धंद्यात जे जे बिघडू शकतं, ते सगळं विकत घेणाऱ्याकडे.

शिवाय मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकार भरेल अशी हमी होती. राज्यानेही थकवले तर केंद्र सरकार भरेल अशी प्रतिहमी १९९४ साली दिली गेली. वाद झालाच तर लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेरचा निवाडा, लंडनमध्ये. बुडण्याचा धोका ज्याच्यावर नाही त्याने महाग वीज विकायला मागेपुढे का पाहावं?

हे सगळं लाच देऊनच झालं असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. न्यायालयात ते सिद्ध झालं नाही, म्हणून मीही म्हणणार नाही. पण एक गोष्ट नोंदीवर आहे. १९९५ च्या सुरुवातीला एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की भारतीयांना हे सारं शिकवण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. समोरच्या टेबलावर बसलेल्या वीज मंडळाकडे असा करार वाचण्याचा पूर्वानुभवच नव्हता. एका बाजूला जगभर करार केलेले वकील आणि वित्ततज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला उत्तम अभियंते, ज्यांनी आयुष्यभर वीज बनवली होती पण डॉलरमधली वीस वर्षांची बांधिलकी कधी तोलली नव्हती. मला हा फरक लाचेच्या चर्चेपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आजही प्रत्येक मोठ्या वाटाघाटीत असतो. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटातल्या मंडळींनी त्या काळात या कराराचं आकडेवारीनिशी विश्लेषण केलं, ते या उणिवेवरचंच उत्तर होतं.

समुद्रात बुडवलेला प्रकल्प परत वर कसा आला

करार काँग्रेसच्या राज्यात झाला. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना आणि भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू असं वचन दिलं आणि सत्ता मिळवली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशींच्या सरकारने प्रकल्प खरोखरच रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयात दावाही लावला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या वरिष्ठ अधिकारी रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, फेरवाटाघाटीसाठी गट नेमला गेला आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्पाला पुन्हा हिरवा कंदील मिळाला. युनिटचा दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणला असं तेव्हा सांगितलं गेलं. मात्र प्रकल्प २,०१५ मेगावॉटवरून २,१८४ मेगावॉटवर गेला. गरजेपेक्षा जास्त वीज ही मुळातली अडचण, ती आणखी मोठी झाली आणि क्षमतेचे पैसे देण्याची अट तशीच राहिली. मे १९९६ मधल्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने या बदललेल्या करारासाठी केंद्राच्या प्रतिहमीला पुन्हा मंजुरी दिली.

एकही मोठा पक्ष यातून सुटलेला नाही, हे मुद्दाम सांगतो. तुमचा पक्ष कोणता याने इथे फारसा फरक पडत नाही. विरोधात असताना करार वाचणारे सत्तेत गेल्यावर तो तोडण्याची किंमत मोजू लागले, आणि किंमत करारातच लिहून ठेवलेली होती.

गावांत काय चाललं होतं? वेलदूरच्या मासेमारांना प्रकल्पाचं गरम पाणी खाडीत सोडलं जाईल आणि मासळी जाईल ही भीती होती. शेतकऱ्यांना जमिनीची आणि बागांची चिंता होती. १९९६ च्या अखेरीपासून मोर्चे आणि धरणी वाढली, जमावबंदीचे हुकूम निघाले, मेधा पाटकर आणि निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्यासारख्यांना अटक झाली. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी वेलदूरमध्ये घरांत शिरून मारहाण केली, बायकांना ओढून नेलं. त्या वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांच्या संघटनेने या प्रकल्पाविषयी अहवाल काढला. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या तशाच संघटनेने दुसरा काढला. त्यात असं नोंदवलं आहे की प्रकल्पावर नेमलेल्या पोलिसांच्या खर्चाचे पैसे कंपनी सरकारला देत होती. कायदा राखायचा तो सरकारने, पण ज्या पक्षाविरुद्ध लोक रस्त्यावर आहेत त्याच्याच पैशाने. विकासाच्या हिशेबात ही पहाट कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून मी ती इथे लिहून ठेवतो.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि वर हिशेब केला तसंच घडलं. मंडळ पूर्ण वीज घेईना, काही महिन्यांत दर युनिटमागे ७ रुपयांच्या वर गेला, मंडळाची बिलं थकू लागली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायची मागणी केली. त्याच महिन्यात राज्याने माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने एप्रिलमध्ये दिलेल्या अहवालात दोष एका खात्याचा किंवा एका पक्षाचा नसून सगळ्या कारभारयंत्रणेचा असल्याचं स्पष्ट लिहिलं. मे २००१ च्या अखेरीस मंडळाने वीज घेणं बंद केलं आणि प्रकल्प थांबला. २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनचंच अमेरिकेत दिवाळं निघालं, हिशेबात केलेल्या लबाडीमुळे. दाभोळ हे त्या दिवाळ्याचं मुख्य कारण नव्हतं.

यात अमेरिकी सरकार कुठून आलं

कंपन्या परराष्ट्र धोरणावर प्रभाव टाकतात असं म्हटलं की लोकांना बंद दाराआडचं कुजबुजणं आठवतं. तेही असतं. पण खरी यंत्रणा बरीचशी कागदोपत्री आणि उघड आहे. अमेरिकेत तेव्हा ‘ओपिक’ नावाचं सरकारी महामंडळ होतं (२०१९ च्या अखेरीस त्याची जागा डीएफसी या नव्या संस्थेने घेतली). अमेरिकी कंपनी दुसऱ्या देशात गेली आणि तिथल्या सरकारने प्रकल्प हिसकावला किंवा करार मोडला, तर भरपाई देणारा विमा हे महामंडळ उतरवत असे, कर्जही देत असे. दाभोळला ओपिकचा विमा होता, ओपिकचं कर्ज होतं आणि अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं, म्हणजे निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेचंही कर्ज होतं. त्यामुळे वीज मंडळाने बिल थकवलं की नुकसान फक्त एन्रॉनच्या भागधारकांचं होत नव्हतं, अमेरिकी सरकारचे पैसेही अडकत होते. वॉशिंग्टनने दिल्लीला फोन करायला मग वेगळ्या कटाची गरज उरत नाही.

तसे फोन झालेही. जून १९९५ मध्ये, रद्द करण्याची चर्चा चालू असतानाच, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जाहीर इशारा दिला की हा करार मोडला तर भारतातल्या इतर खासगी वीजप्रकल्पांनाही पैसा मिळणं कठीण होईल. जून २००१ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा सोनिया गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्याकडे दाभोळचा विषय काढला. महाराष्ट्रात तेव्हा काँग्रेसप्रणीत सरकार होतं. व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत त्या उन्हाळ्यात दाभोळसाठी कामगट चालत होता. नोव्हेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पंतप्रधान वाजपेयींशी याविषयी बोलावं अशीही तयारी होती. एन्रॉन कोसळू लागल्यावर ती ऐनवेळी वगळली गेली. आणि १९९४ ते १९९७ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर निवृत्तीनंतर लगेच एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यात बेकायदा काही नव्हतं. तरीही ज्या देशाच्या जिल्हापातळीवरच्या वादात अमेरिकेचा राजदूत लक्ष घालतो आणि नंतर त्याच कंपनीत बसतो, त्या देशातल्या लोकांना यावरून जे वाटलं ते चुकीचं वाटलं असं मला म्हणवत नाही.

आता मॉरिशसचा तो दुसरा उपयोग. भारत आणि मॉरिशस यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा करार होता. एका देशाच्या गुंतवणूकदाराला दुसऱ्या देशाच्या सरकारने अन्यायाने वागवलं तर तो थेट आंतरराष्ट्रीय लवादात जाऊ शकतो, अशी त्याची तरतूद. अमेरिकेशी भारताचा असा करार नव्हता. म्हणून बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी आपल्या मॉरिशसच्या कंपन्यांतर्फे भारतावर दावे लावले, कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनी वेगवेगळ्या देशांच्या करारांखाली लावले आणि २००४ साली अमेरिकी सरकारने ओपिकच्या भरपाईसाठी भारत सरकारविरुद्ध स्वतंत्र लवाद सुरू केला. २००५ साली हे बहुतेक वाद पैसे देऊन मिटवले गेले. पुढे व्होडाफोनने भारताचा करविषयक कायदा नेदरलँड्सशी असलेल्या अशाच कराराच्या आधारे लवादात नेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केर्न एनर्जी या ब्रिटिश तेल कंपनीच्या करवादाचाही निकाल तिच्या बाजूने लागला आणि नंतर तिने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तेवर टाच आणली. तोवर भारताने नव्या नमुन्याचा करार बनवून असे अनेक जुने करार संपवण्याच्या नोटिसा पाठवल्या होत्या.

परदेशी कर्जदारांना या मार्गाने निदान काही मिळालं. आयडीबीआय, आयसीआयसीआय आणि स्टेट बँक यांचेही हजारो कोटी दाभोळमध्ये अडकले होते आणि त्यांना लंडन नव्हतं, मॉरिशस नव्हतं. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली गेली आणि प्रकल्प तिच्याकडे आला. २०१३ नंतर देशी वायूचा पुरवठा आटल्याने तो पुन्हा थंडावला. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी त्यातला एक भाग सुरू करण्यात आला. कराराच्या चौकशीसाठी कामगार संघटनेने चालवलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली, २५ वर्षं उलटून गेल्याचं सांगून, बंद केलं.

मग नोकऱ्यांचं काय

एन्रॉनवरून सगळ्याच परदेशी कंपन्यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल. पुण्यात दापोडीला सँडविक १९६० पासून आहे, कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली सुरू झाली. या कंपन्यांभोवती लहान कारखाने उभे राहिले, आयटीआयमधून निघालेल्या मुलांना हातकाम मिळालं, त्यातल्या कित्येकांनी पुढे भोसरीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं. दाभोळमध्ये असं का झालं नाही? वीजप्रकल्प बांधताना हजारो माणसं लागतात, चालवायला काही शे पुरतात. यंत्रं बाहेरून येतात, इंधन जहाजाने येणार असतं आणि आजूबाजूच्या गावाकडून विकत घेण्यासारखं काहीच नसतं. इंजिनाचा कारखाना मात्र स्क्रूपासून कास्टिंगपर्यंत शंभर वस्तू जवळपासून घेतो. कंपनी परदेशी आहे की देशी यापेक्षा ती माल कुठून घेते आणि कौशल्य कुणाला शिकवते यावर गावाचं भलं जास्त अवलंबून असतं. शिवाय त्या काळच्या नियमांमुळे किर्लोस्करांसारखा इथला भागीदार कंपनीत होता, ज्याला तोट्यातही इथेच राहायचं होतं.

आणि चांगला कारखानाही एके दिवशी जाऊ शकतो. जनरल मोटर्सने तळेगावचा मोटारींचा कारखाना २००८ साली सुरू केला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं. निर्णय कंपनीच्या मुख्यालयात, अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये झाला: भारतातली विक्री कंपनी आधीच सोडून बसली होती आणि जगभरातले कमी नफ्याचे देश एकेक करून सोडणं चालू होतं. तळेगावच्या कामगारांनी कामात कसूर केली असं यात कुठेच नव्हतं. हजाराहून अधिक कायम कामगार रस्त्यावर आले.

कारखाना विकत घ्यायला चीनची ग्रेट वॉल मोटर तयार होती, जानेवारी २०२० मध्ये तसं ठरलंही होतं. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने तिच्याशी सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना वीरमरण आलं. करार स्थगित झाला. सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी सक्तीची करणारा नियम एप्रिलमध्येच आला होता, ती परवानगी मिळाली नाही आणि २०२२ साली व्यवहार बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. इथे कंपनीने धोरण वाकवलं नाही, परराष्ट्र धोरणाने कंपनीला अडवलं. देशाने तसं करणं मला योग्यच वाटतं. पण त्याची किंमत तळेगावच्या कामगारांनी चुकवली. त्यांच्यासाठी केंद्राने किंवा राज्याने वेगळी तरतूद करायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

आजचा हिशेब वेगळ्या रूपात येतो. आता सरकार हमी देत नाही, अनुदान देतं. गुजरातमधल्या साणंदच्या, मायक्रॉन या अमेरिकी कंपनीच्या चिप जोडणी आणि तपासणीच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. जून २०२३ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे एकूण खर्च २७५ कोटी डॉलर, त्यातला निम्मा केंद्र सरकार देणार आणि २० टक्के गुजरात सरकार. कंपनीचे ८२.५ कोटी डॉलर. थेट नोकऱ्या ५,०००. सरकारी वाटा १९२.५ कोटी डॉलर होतो, म्हणजे एका थेट नोकरीमागे ३ लाख ८५ हजार डॉलर. तेव्हाच्या दराने हे ३ कोटी रुपयांच्या वर जातं. कंपनीने आणखी १५,००० नोकऱ्या आजूबाजूला तयार होतील असं म्हटलं आहे. त्या धरल्या तरी नोकरीमागे पाऊण कोटीहून जास्त पडतात. चिप देशात बनणं ही संरक्षणाची आणि तंत्रज्ञानाची गरज आहे, त्यासाठी पैसे मोजावेत, असा युक्तिवाद करता येतो आणि मला तो बऱ्यापैकी पटतो. मग तो तसाच मांडावा. हा खर्च नोकऱ्यांसाठी आहे असं सांगितलं तर मात्र त्याच पैशात किती आयटीआय आणि किती लघुउद्योग उभे राहिले असते, हे विचारायचा हक्क लोकांना आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त आणि फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. त्या दहा महिन्यांत कोणत्या राज्याने किती जास्त देऊ केलं यावर भांडण झालं. देऊ केलेलं वसूल कसं करणार, प्रकल्प झाला नाही तर जमिनीचं आणि सवलतींचं काय, यावर विधिमंडळात किंवा वाहिन्यांवर फारसं कुणी बोललं नाही.

दाभोळनंतर वीजखरेदीत एक खरा बदल झाला. १९९९ पासून महाराष्ट्र वीज नियामक आयोग आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार वितरण कंपनीला वीजखरेदी करार आयोगापुढे मंजुरीसाठी न्यावा लागतो आणि दरवाढीच्या याचिकेवर जाहीर सुनावणी होते. तिथे कुणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, उभा राहून बोलू शकतो. इचलकरंजीचे यंत्रमागवाले आणि ग्राहक संघटना हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. मोठ्या कारखान्यांना राज्य सरकार जीएसटीचा परतावा, मुद्रांक शुल्कात माफी, वीज शुल्कात सूट असं जे पॅकेज देतं, त्यासाठी अशी सुनावणी नाही. पर्यावरणाच्या परवानगीसाठी जनसुनावणी होते, सवलतींसाठी होत नाही. मोठ्या प्रकल्पांना दिलेल्या सवलतींच्या अटी सही होण्याआधी तीस दिवस संकेतस्थळावर टाका आणि हरकती मागवा, एवढी मागणी आपल्या आमदाराकडे लेखी करता येते. तिच्यासाठी नवा आयोग लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.